प्रश्न विचारणारा भक्त

आषाढ वद्य एकादशीला कर्जतमध्ये संत गोदड महाराजांचा रथ निघतो. दर्शन घेऊनही ‘मला हे सगळे विधी पटत नाहीत, मी नास्तिक झालो का?’ असं घाबरत विचारणारी तरुण मुलं मला इथे भेटतात. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर दाखवतो. तिथल्या चौथऱ्यावर बायकांना पाऊल ठेवायला २०१६ चा गुढीपाडवा उजाडावा लागला, तोही उच्च न्यायालयाने सुनावल्यावर. अडवणूक रूढीची होती, देवाची नव्हे. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केलं. त्यांच्याइतका श्रद्धाळू माणूस विरळाच! तेव्हा मुलांनो, पटत नाही तो विधी खुशाल सोडा, घरच्यांना तसं प्रेमाने सांगा, आणि उरलेली श्रद्धा कुणापुढे सिद्ध करत बसू नका.