स्कुबाच्या टाक्या बदलायच्या? आधी गिऱ्हाईक कोण ते बघा

गणेशपुरीच्या वर्गात आलेल्या एका प्रश्नावर आज लिहितोय. विचारणाऱ्या मुलाचं आजोळ मालवणचं. मामाच्या स्कुबाच्या धंद्यात त्याला पैसे घालायचे आहेत, आणि परदेशी डायव्हर्सचे व्हिडिओ बघून त्याने ठरवलंय की ॲल्युमिनियमच्या टाक्या काढायच्या आणि सगळ्या स्टीलच्या घ्यायच्या. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्या बदलू नका.

आपल्याकडे हिला ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतात, पण आत साधी हवाच असते, दाबून भरलेली. दुसरा गैरसमज असा की ॲल्युमिनियमची टाकी हलकी असते. तसं नाही. ॲल्युमिनियमची ताकद कमी, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते. नेहमीची ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी रिकामी साधारण १४ किलो भरते, आणि १२ लिटरची स्टीलचीही जवळपास तेवढीच. फरक पडतो तो पाण्यात. हवा संपत आली की ॲल्युमिनियमची टाकी वर तरंगायला बघते, साधारण २ किलोच्या जोराने. ते दाबून ठेवायला कमरेला तेवढं जास्त शिसं बांधावं लागतं. स्टीलची टाकी रिकामी झाली तरी तशी वर उचलत नाही.

थंड देशात जाड सूट घालतात, त्याचं आधीच भरपूर शिसं लागतं. तिथे २ किलो वाचले तर मोठी गोष्ट. तारकर्लीच्या कोमट पाण्यात तुमचं गिऱ्हाईक कोण? पुण्याहून किंवा कोल्हापूरहून आलेलं कुटुंब. पाच मीटरवर पंधरा मिनिटं, मासे बघायचे, फोटो काढायचे, वर यायचं. त्यांना टाकी कसली आहे हे कळतही नाही आणि त्यासाठी ते एक रुपया जास्त देणार नाहीत.

आता हिशोब करा. ११ लिटरच्या टाकीत २०७ बारला सुमारे २,३०० लिटर हवा मावते. शेवटचे ५० बार राखीव ठेवले की वापरायला १,७०० च्या वर राहते. नवखा माणूस पाच मीटरवर पंधरा मिनिटांत साधारण ५५० ते ६०० लिटर घेतो. म्हणजे तीन गिऱ्हाइकं. १२ लिटरच्या स्टीलमध्ये २३२ बारला २,७८० लिटरच्या आसपास बसते. राखीव सोडून चौथं गिऱ्हाईक बसलं तर बसलं, नाहीतर नाही. आणि ती जास्तीची हवा कॉम्प्रेसर फुकट भरून देत नाही.

खरा खर्च गंजाचा. ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. स्टीलला गंज लागला की तो खात जातो. बाहेरून गॅल्व्हनाईज असलं तरी आतून ते राखण नसतं. कॉम्प्रेसरचा फिल्टर जुना झाला आणि ओलसर हवा आत गेली की काम सुरू. त्यात पावसाळ्यात आपला धंदा बंद, टाक्या दमट खोलीत पडून.

मग स्टील कोणासाठी? गाईडसाठी. दिवसभर पाण्यात उतरून चढणाऱ्या पोराच्या कमरेवरचे दोन किलो कमी झाले तर त्याची पाठ टिकते, आणि चांगला गाईड टिकणं म्हणजेच धंदा टिकणं. त्यांच्यापुरत्या दोन-चार घ्या. पण भरणाऱ्या माणसाला नीट शिकवा. २३२ च्या सवयीने २०७ ची टाकी भरली तर तो जिवाशी खेळ आहे. रंग वेगळे ठेवा, जागाही वेगळी ठेवा. रेग्युलेटर नव्या व्हॉल्व्हला बसतो का तेही विचारा.

उरलेले पैसे फिल्टर, लाईफ जॅकेट आणि बोटीवर घाला. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. टाकी कुठल्या धातूची, हा प्रश्न तिथे नव्हताच.

जुन्या टाक्या घेणार असाल तर गळ्याजवळचा शिक्का वाचा: शेवटची दाबचाचणी कधी झाली, पेसोची मान्यता आहे का. नागपूरच्या या कार्यालयाच्या मान्यतेशिवाय बाहेरून टाकी मागवता येत नाही. १९८८ च्या आधीच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या तर घेऊच नका. तेव्हाच्या ६३५१ मिश्रधातूला गळ्यात चिरा जातात. आणि हो, आपल्या भिवंडीकडच्या कोणाकडून पावडर कोटिंग करून नवीन दिसेल, असं डोक्यात आणू नका. त्या भट्टीच्या उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद जाते, टाकी बाद होते. घासून हवेत वाळणारा रंग लावा, तोही शिक्क्यावर नको.

कॉम्प्रेसर भाड्याने की विकत, ते पुढच्या व्हिडिओत.