नीटचे गुण कमी पडले म्हणून प्रयोगशाळा नको

दरवर्षी नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडमध्ये काही घरी पेढे वाटले जातात आणि पुष्कळ घरी दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. लातूर पॅटर्नने आपल्या भागातील मुलांना कष्टाची सवय लावली, हे मान्यच करावे लागेल. पण हिशेबही पाहिला पाहिजे. 2024 साली देशभरातून 23 लाखांहून अधिक मुले नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. मग उरलेल्या मुलांचे पालक दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोराला डीएमएलटीला घालू का? दोन वर्षांत स्वतःची लॅब टाकील."

या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. पहिला असा की, प्रयोगशाळा म्हणजे डॉक्टरकी हुकलेल्यांची सोय. दुसरा असा की, डिप्लोमा म्हणजे दुकानाचा परवाना. हे क्षेत्र चांगले आहे आणि आपल्या मुलामुलींनी त्यात जरूर जावे, असे माझे मत आहे. मात्र हे दोन गैरसमज उंबऱ्याबाहेर ठेवून जावे.

माझ्यासारखा एमबीबीएस डॉक्टर रुग्णाची नाडी, जीभ, डोळे, पोट पाहून अंदाज बांधतो. त्या अंदाजाची खातरजमा होते ती रिपोर्टवरून. रिपोर्ट चुकला की औषध चुकते. आता तर बरीचशी कामे यंत्र करते, मग माणसाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण यंत्रात जे घालावे त्याचेच उत्तर ते देते. साधे उदाहरण साखरेचे घ्या. रक्त साध्या बाटलीत तसेच राहिले तर त्यातील पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला सुमारे पाच ते सात टक्के साखर कमी भरते. म्हणून साखरेसाठीचे रक्त राखाडी टोपणाच्या, फ्लोराइड असलेल्या बाटलीत घेतात. रक्त ओढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम वाढल्याचे खोटेच दिसते. आपल्याकडे तालुक्याच्या गावाहून नमुने भर उन्हात शहरात येतात. अशा वेळी "हा नमुना चालणार नाही, पुन्हा घ्या" असे म्हणण्याचे ज्ञान आणि धैर्य तंत्रज्ञाजवळ असावे लागते. ते यंत्राजवळ नसते.

रक्तपेढीत तर हा प्रश्न थेट जिवाशी भिडतो. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट शोधला. जगभर तो "बॉम्बे ब्लड ग्रुप" म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या वरवरच्या तपासणीत हा गट 'ओ' असल्यासारखा दिसतो. पण अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्त दिले तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. पेशींची तपासणी झाल्यावर रक्तद्रवाची उलट तपासणी आणि नंतर दात्याच्या रक्ताशी क्रॉसमॅच, हे सगळे टप्पे नीट केले तरच तो ओळखू येतो. घाईत एक टप्पा गाळणारा आणि रात्री दोन वाजताही तो न गाळणारा, या दोघांच्या प्रमाणपत्रांत काही फरक दिसत नाही. फरक असतो तो वृत्तीत.

आता "स्वतःची लॅब" या स्वप्नाविषयी. 12 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे काम करणाऱ्या अनेक तंत्रज्ञांना हे खटकते आणि त्यांची व्यथा समजण्यासारखी आहे. तरीही आकडा अचूक काढणे आणि रुग्णाच्या आजाराशी त्याचा अर्थ जुळवणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. नुसत्या तंत्रज्ञाच्या सहीवर लॅब चालवता येईल, असे सांगून कोणी फी घेत असेल तर पालकांनी तेथूनच परत फिरावे.

दुसरी गोष्ट 2021 च्या कायद्याची. केंद्राने त्या वर्षी अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्ससाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातील व्यवसायांच्या यादीत प्रयोगशाळा विज्ञानाचा वर्ग पहिलाच आहे. या कायद्यानुसार तंत्रज्ञाचे शिक्षण किमान 2000 तासांचे आणि दोन ते चार वर्षांचे असावे लागते. सहा महिन्यांत "लॅब टेक्निशियन" करून देण्याच्या जाहिराती या मापात कशा बसणार, ते वाचकांनीच ठरवावे.

म्हणून प्रवेशापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आहे? त्यावर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी होते का? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने मिळणार? आपल्याकडे नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. जेथे रोज मोठ्या संख्येने नमुने येतात तेथेच हात तयार होतो. फळ्यावर सूक्ष्मदर्शकाचे चित्र काढून तो होत नाही. शक्य असेल तर डिप्लोम्यावर न थांबता पदवी करावी. पुढे एम.एस्सी., रक्तपेढी, सूक्ष्मजीवशास्त्र, जनुकीय तपासण्या अशा वाटा खुल्या होतात.

पगाराविषयीही खरे बोलले पाहिजे. लहान गावातील खासगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. सरकारी जागा निघतात, पण अर्ज फार येतात. पुणे किंवा हैदराबादला काही वर्षे काढण्याची तयारी ठेवावी लागते. रात्रपाळी असते, रक्ता-थुंकीशी रोजचा संबंध असतो. म्हणून शिक्षण सुरू होतानाच हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण करून घ्यावेत.

हे सगळे ऐकूनही ज्या मुलाला किंवा मुलीला वाटते की आपल्याला नेमकेपणा आवडतो, एकच काम शंभराव्या वेळीही पहिल्यासारखे करता येते, आपले नाव कोणी घेतले नाही तरी चालेल, त्यांनी हा मार्ग आनंदाने निवडावा. वरच्या वर्गातील हुशार मुलांनीही निवडावा. पालकांना एवढीच विनंती की, "एमबीबीएस नाही तर निदान हे तरी" असे चारचौघांत म्हणू नये. हरल्याच्या भावनेने प्रयोगशाळेत गेलेला मुलगा नमुन्याकडे मन लावून पाहत नाही. आणि तो नमुना उद्या तुमच्या-माझ्या घरातल्याच कोणाचा तरी असणार आहे.