गोळी नंतर द्या, आधी तपासा!

अंगावरून पांढरं जाणं आणि ते अंगावर काढणं, दोन्ही आपल्याकडच्या बायकांच्या सवयीचं झालंय.

1989 साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के.

आणि आज? सरकारी दवाखान्यात पांढऱ्या पाण्याची तक्रार सांगितली की बऱ्याचदा लक्षणं ऐकूनच हिरवं पाकीट हातात पडतं. जंतूंसाठी सेक्निडॅझोल, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल. गरज एकीची असो वा दोन्हींची, दोन्ही गिळायच्या. जिथे लॅब नाही तिथे ही पद्धत समजू शकतो. पण काहींचा स्राव नैसर्गिकच असतो, त्यांना औषध फुकट. आणि क्लॅमिडियाला या दोन्ही गोळ्या लागूच पडत नाहीत. तो बहुतेकींना त्रास न देता आत राहतो, गर्भनलिका खराब करू शकतो. मूल झालं नाही की बोल मात्र तिलाच!

निदान पांढऱ्या पाण्याची साधी तपासणी तरी जागेवर होऊ शकते. पीएचची पट्टी 4.5 च्या वर गेली, केओएचच्या थेंबाने मासळीसारखा वास आला, की दिशा कळते. ओली स्लाइड लगेच बघितली तर ट्रायकोमोनास हलताना दिसतो. मलेरिया-टीबीसाठी पीएचसीत मायक्रोस्कोप असतोच की.

आजाराचं नाव कळणं घरासाठीही महत्त्वाचं. ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्यालाही गोळी हवी, नाहीतर तो परत येणार. साधी बुरशी असेल तर कुणाच्या चारित्र्यावर संशय घ्यायचं कारणच नाही.

“गर्दी असते, वेळ नसतो,” असं उत्तर येईल. मग गरोदर बाईच्या बोटातून थेंब घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होतेच ना? ती व्हायलाच हवी. पण पोटात बाळ असेल तरच बाईची तपासणी महत्त्वाची का?

रुग्ण कल्याण समितीवर आपल्यातलेच लोक असतात. पुढच्या बैठकीत त्यांना एवढंच विचारायला लावा: आपल्या पीएचसीत पट्टी आहे का, केओएच आहे का, तपासणीच्या टेबलाला पडदा आहे का?

उत्तर काय मिळालं ते इथे कमेंटमध्ये नक्की लिहा.