गुराख्याचा एक दिवस, तबकडीवर

मंडळी, रेडिओवर शब्दांवाचून नुसती वाद्ये सुरू झाली की ओटीवरचा पहिला हात बटणाकडे जातो. आमचाही जायचा. ‘यात गाणे कुठे आहे?’ म्हणायचे आणि बंद! आज मात्र अशाच एका बिनशब्दांच्या तबकडीविषयी सांगायचे आहे, कारण ती आपल्या गोठ्यापासून फार लांबची नाही.

१९६७ साली एच.एम.व्ही.ने ‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजे खोऱ्याची साद, ही तबकडी काढली. त्यामागे होते आपले जी. एन. जोशी, ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गाऊन घरोघरी पोचलेले, तेच. विषय काय, तर काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस. सकाळी अहिरभैरव, पुढे पिलू, सांजेला भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. बासरी हरिप्रसाद चौरसियांची, संतूर शिवकुमार शर्मांचे, गिटार ब्रिजभूषण काबरांची, तबल्यावर माणिकराव पोपटकर.

संतूर म्हणजे शंभरएक तारांची लाकडी पेटी. मांडीवर घेऊन दोन हलक्या लाकडी कलमांनी तारा छेडायच्या. पागोळ्या गळाव्यात तसे सूर पडतात, आणि पागोळीसारखेच पडले की विरतात. म्हणून कित्येक जाणकार म्हणत, यावर राग वाजायचा नाही. बासरीचे उलट, फुंकर आहे तोवर सूर आहे. या तबकडीत संतुराचा सूर विरतो तिथे बासरी त्याला हात देते. युरोपात मोझार्टनेही १७७८ साली पॅरिसला अशीच जोडी जमवली होती, बासरी आणि हार्प नावाच्या उभ्या तारवाद्याची. एका सरदाराला बासरी येई, त्याच्या मुलीला हार्प. त्या सरदाराने पैसे मात्र बुडवले म्हणतात. माल उचलून पैसे न देणारा व्यापारी आपल्याला काही नवा नाही!

चौरसियांचे वडील पैलवान. मुलाने आखाड्यात उतरावे ही त्यांची इच्छा; मुलगा चोरून संगीत शिकला. आपल्या रत्नागिरीच्या सड्यावर गुरांमागे गेलेल्या पोराने बांबूच्या कांडीला तापल्या सळईने भोके पाडली, की आपण काय म्हणतो? ‘कामधंदा नाही काय रे तुला?’

तबकडी आता मोबाईलवरही ऐकता येते. पोरांकडून लावून घ्या, आणि पहिला तुकडा सकाळी धार काढतानाच ऐका. गाय जास्त पान्हवेल याची हमी मात्र आम्ही घेत नाही.