विश्लेषण : सातबारा कोरा, पण माती कोरी आहे का?

गुंतवणूक म्हणून प्लॉट किंवा औद्योगिक गाळा घेताना आपण कागद पाहतो. वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, फेरफार वाचतो, बोजा नाही ना हे तपासतो आणि ‘टायटल क्लिअर’ असा दाखला देतो. एक प्रश्न मात्र बहुतेक व्यवहारांत राहूनच जातो. या जागेवर पूर्वी काय चालायचे आणि त्याचे सांडपाणी कुठे जिरायचे? तारापूर, तळोजा, अंबरनाथ, लोटे यांसारख्या औद्योगिक पट्ट्यांत किंवा त्यांच्या कडेला पैसे गुंतवणाऱ्याने तो टोकन देण्याआधीच विचारायला हवा.

प्लेटिंगच्या कारखान्यातून क्रोमियम, जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या शेडमधून शिसे, बंद पेट्रोल पंपाच्या गंजलेल्या टाकीतून इंधन जमिनीत उतरते. वर मुरूम टाकून रोलर फिरवला की काही दिसत नाही. दिसते ते पुढे, बोअरच्या पाण्यात.

बिछडीत काय झाले?

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एच-अ‍ॅसिड बनवणारे कारखाने सुरू झाले. ते फार काळ चालले नाहीत, पण सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ मागे राहिला. तो पावसाने जमिनीत मुरला. विहिरींचे पाणी पिण्याच्या आणि शेतीच्याही लायकीचे उरले नाही. ज्याने प्रदूषण केले त्यानेच खर्च सोसावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. तरीही वसुलीचा वाद चालूच राहिला. २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. निकाल बाजूने लागूनही आसपासच्या जमीनमालकांच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

नवे नियम काय सांगतात?

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि गरज वाटल्यास पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करायची. घातक रसायने मर्यादेबाहेर आढळली तर जागा जाहीर करून तिथला वावर रोखायचा. शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. तो देऊ शकत नसेल तर सरकारने करायचा.

पाऊल योग्य आहे, पण उशिराचे आणि अपुरे. जागा सापडल्यावर ती कधीपर्यंत स्वच्छ करायची याची ठोस मुदत नाही. घनकचऱ्याचे डंपिंग ग्राउंड या नियमांतून वगळले आहे, कारण त्यासाठी वेगळा कायदा आहे. मालाडच्या बंद डंपिंग ग्राउंडवर उभ्या राहिलेल्या व्यावसायिक इमारतींत कॉम्प्युटरचे भाग गंजत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या, हे मुंबईकरांना आठवत असेल.

आमची मागणी साधी आहे. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना आहे. सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे चढतो, कुळाचे नाव चढते. मग प्रदूषित ठरलेल्या जागेची नोंद तिथे आणि शहरात मिळकत पत्रिकेवर का नको? मंडळाची यादी मंडळाकडे आणि तलाठ्याचे दप्तर तलाठ्याकडे राहिले, तर खरेदीदाराला काही कळणार नाही.

तोवर खरेदीदाराने काय करावे?

नमुना बारामध्ये पीक पाहणी कोणत्या वर्षापासून कोरी आहे ते पाहा. बिनशेती आदेश औद्योगिक वापराचा असेल, तर तिथे कोणता उद्योग होता ते शोधा आणि त्याचे प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र मागा. शेजारच्या जुन्या वॉचमनला किंवा चहावाल्याला विचारा. फायलीत नसलेले बरेच त्याला माहीत असते.

एका ठिकाणी अनेक जण फसतात. ‘सॉइल टेस्ट झालीय’ असे दलाल सांगतो आणि रिपोर्टही दाखवतो. तो बहुतेक वेळा जमीन इमारतीचा किती भार पेलेल याचा असतो. त्यात शिसे, क्रोमियम किंवा तेलाचा अंश तपासलेला नसतो. ती रासायनिक तपासणी वेगळी. माती आणि बोअरचे पाणी, दोन्हींचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. विकणारा नमुना घेऊ देत नसेल तर व्यवहार थांबवा.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते, की खरेदीदाराला साध्या काळजीने न दिसणारा पण स्वतःला ठाऊक असलेला मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. अडचण अशी, की त्याला तो ठाऊक होता हे सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावर येते. म्हणून जागेच्या पूर्वीच्या वापराचे लेखी निवेदन आणि नुकसानभरपाईची हमी साठेखतातच घ्या.

गाळा आधीच तुमच्या मालकीचा असून भाड्याने दिला असेल, तर भाडेकरू आत काय करतो हे तुम्हाला माहीत असायला हवे. संमतीपत्राची प्रत दरवर्षी मागा, घातक कचरा अधिकृत केंद्राकडे गेल्याच्या पावत्या पाहा. ताबा देताना माती-पाणी तपासून तो अहवाल भाडेकराराला जोडा, आणि गाळा रिकामा झाल्यावर तीच तपासणी पुन्हा केल्याशिवाय डिपॉझिट परत करू नका.