बीजाची भीती : पूर्वचर्चा आणि मराठी निर्मितिविचार

मराठी समीक्षेत एक समजूत वादातीत असल्याप्रमाणे वावरत आली आहे. कलाकृतीची कल्पना बीजासारखी असते, ती उकरून पाहिली की मरते. म्हणून कलावंताने अपुऱ्या कल्पनेविषयी बोलू नये, आणि तो बोललाच तर समीक्षकाने ते कानाआड करावे. ही समजूत सिद्ध करण्याच्या भरीस फारसे कोणी पडलेले नाही. ती एका रूपकावर उभी आहे, आणि ते रूपकही नीट तपासलेले नाही. बीजात वृक्षाची जात आधीच ठरलेली असते. बाभळीच्या बीतून आंबा येत नाही. याउलट कथा म्हणून सुचलेले नाटक होणे, गौण पात्राने मुख्य पात्राची जागा घेणे, हा लेखनव्यवहारातला नित्याचा अनुभव आहे. जी गोष्ट वाटेत आपली जात बदलू शकते तिला बीज म्हणणे हा शब्दांचा शिथिल वापर झाला.

या समजुतीला तात्त्विक आधार हवा असला की क्रोचेला साक्षीला बोलावले जाते. अभिव्यक्ती अंतःप्रज्ञेतच पूर्ण होते, माध्यमात उतरणे ही नंतरची व्यावहारिक क्रिया, एवढेच त्याच्याकडून उचलले जाते. परंतु त्याच सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग असा की, अभिव्यक्त न झालेली कल्पना ही मुळात कल्पनाच नव्हे. मनात थोर विचार आहेत पण शब्द सापडत नाहीत, ही तक्रार त्याला मान्य नाही. म्हणजे मनाच्या तळघरात जपून ठेवलेल्या अबोल बीजाला क्रोचेच्या घरात जागाच नाही. हा साक्षीदार उलटणारा आहे.

संस्कृत परंपरेचा दाखलाही तितकाच अडचणीचा आहे. प्रतिभेची कारयित्री आणि भावयित्री अशी विभागणी करणारा राजशेखर ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्याही सांगतो, आणि तिच्यात दिवसाचा चौथा प्रहर सकाळच्या रचनेच्या परीक्षेसाठी राखतो, ही परीक्षा एकट्याने करावी किंवा मोजक्या मंडळींत. नवे काव्य एकट्या माणसापुढे वाचू नये, असेही तो बजावतो. पण कारण मोठे मासलेवाईक आहे. ऐकणाऱ्याने ते आपलेच म्हणून सांगितले तर साक्षीला कोण? म्हणजे राजशेखराची भीती चोरीची आहे, कल्पना कोमेजण्याची नव्हे.

या प्रश्नावरचे सर्वांत मोलाचे आधुनिक चिंतन ज्या लेखकाने केले त्याची घरची भाषा मराठी होती, हे मराठी समीक्षेने अधिक ध्यानात घ्यायला हवे होते. गजानन माधव मुक्तिबोध यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’ (१९६४) या ग्रंथातील ‘तीसरा क्षण’ या लेखात कलेचे तीन क्षण मांडले आहेत. पहिला उत्कट अनुभवाचा. दुसरा तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसीचे रूप घेतो तो. आणि तिसरा ती फँटसी शब्दबद्ध होऊ लागल्यापासून पूर्णत्वाला जाईपर्यंतचा. यातील कळीचा मुद्दा तिसऱ्या क्षणात आहे. शब्दांत येताना फँटसी तशीच राहत नाही. भाषा ही सामाजिक ठेव असल्यामुळे तिच्यातील शब्दांना जोडलेले परंपरागत अर्थ कवीच्या आशयाला वळवतात, कापतात, वाढवतात. कवी एकांतात बसला तरी त्याच्या कल्पनेशी समाज वाद घालीतच असतो. आणि हे सारे मुक्तिबोध प्रबंधाच्या पद्धतीने सांगत नाहीत. केशव नावाच्या मित्राशी झालेल्या संवादातून, त्याच्या शंकांना तोंड देत सांगतात. लेखाचे हे रूप अलंकरण मानणारा वाचक त्याच्या अर्ध्या प्रतिपादनाला मुकतो. भाषाच जर सहकर्ती असेल, तर मित्रापुढे कल्पना बोलून पाहणे हा तिसऱ्या क्षणाचाच आरंभ ठरतो.

मग समीक्षक ऐकतात ते कोणाचे? ते ऐकतात उत्तरकथन: कृती पूर्ण झाल्यावर, बहुधा प्रसिद्धी मिळाल्यावर, लेखकाने सांगितलेली तिची जन्मकथा. ‘द रेव्हन’ ही कविता १८४५ साली गाजली आणि पुढच्याच वर्षी पोने ती जणू गणितासारखी सोडवत लिहिल्याचे निबंधातून सांगितले. त्या निबंधावर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आणि तो मिटणारही नाही, कारण शेवट माहीत असलेल्या माणसाला सुरुवात सरळ दिसते. पूर्वचर्चेत ही सोय नसते. तिथे लेखक चुकीच्या वाटेचेही समर्थन करीत असतो, आणि अभ्यासकाला हवे असते ते नेमके तेच.

चर्चेत कल्पना संपून जाते, हा आक्षेप मात्र सर्वस्वी पोकळ नाही. बोलण्यातच समाधान मिळाल्याने न लिहिलेली पुस्तके असतात. दृश्यकलेच्या क्षेत्रात तर संकल्पनेचे टिपण चित्रापेक्षा वजनदार होऊन बसल्याची उदाहरणे कमी नाहीत. पण तिथे कल्पना तपासली गेलेली नसते, मंजूर करून घेतलेली असते. शंका घेणारा केशव आणि शिक्का मारणारी समिती यांतला फरक ज्यांना दिसत नाही, त्यांनी मौनाचा उपदेश करू नये.

मराठीच्या प्रबंधांत लेखकाची मुलाखत परिशिष्टात मानाने छापली जाते. त्याच लेखकाची खाडाखोडीची वही आणि कृतीआधी मित्रांना लिहिलेली पत्रे कुठे आहेत, हा प्रश्न मौखिक परीक्षेत क्वचितच विचारला जातो. त्या वह्या रद्दीत जात आहेत.