हसरा माणूस आणि लाल पेन

काम अगदी सोप्पं वाटलं होतं. एका ज्ञानकोशातली लुई आर्मस्ट्राँगवरची जुनी नोंद तपासायची, चुका काढायच्या, थोडी अपडेट करायची. पानं दीड. शनिवारची दुपार, कॉफीचा मग आणि मागे लावलेला सॅचमोचाच ट्रम्पेट. म्हटलं, संध्याकाळी सातला मोकळी!

आणि खरंच झाले. 'महान', 'अद्वितीय', 'सुरांचा जादूगार' अशी सगळी विशेषणं उडवली, ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं आणि मेल टाकून मस्त पिक्चरला गेले. सोमवारी सकाळी संपादक मॅडमचा फोन.

"अगं, तू नुसती इस्त्री केलीस. कपडा कुठे फाटलाय ते बघितलंच नाहीस!"

झालं. पुन्हा लाल पेन हातात.

पहिलीच ओळ घ्या. 'जन्म : ४ जुलै १९००.' यात चुकीचं काय? स्वतः आर्मस्ट्राँग आयुष्यभर हीच तारीख सांगत आला. १९५४ सालच्या आत्मचरित्रातही हीच. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि शतकाचं गोल वर्ष. इतकी फिल्मी तारीख की शंका यावी. पण कुणाला आली नाही. ६ जुलै १९७१ ला तो गेला, तेव्हा सगळ्यांच्या हिशेबानं तो ७१ वर्षांचा होता. पुढे १९८० च्या दशकात टॅड जोन्स नावाच्या अभ्यासकाला न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली. त्यात जन्मतारीख होती ४ ऑगस्ट १९०१. बाप्तिस्मा त्याच महिन्याच्या २५ तारखेला. म्हणजे गेला तेव्हा गडी सत्तरचाही नव्हता.

मग आर्मस्ट्राँग खोटं बोलला का? हसू नका, पण मला आमचे आजोबा आठवले. त्यांचा वाढदिवस १ जून. त्यांच्या धाकट्या भावाचाही १ जून. शाळेत नाव घालायला नेलं, मास्तरांनी तारीख विचारली, घरात कुणाला ठाऊक नव्हती, मास्तरांनी शाळेच्या सोयीची ठोकून दिली. तुमच्या घरातही असा एखादा १ जून असेलच. म्हणून आजोबांना खोटारडे म्हणायचं का? गरिबाघरच्या पोराच्या जन्माची वेळ टिपून ठेवायला कुणाला सवड असते!

मग नोंदीत दोन्ही तारखा घेतल्या. चर्चच्या वहीतली आधी आणि तो सांगायचा ती नंतर. कारण त्यानं कुठली तारीख आपली मानली, हाही त्याच्या चरित्राचाच भाग आहे ना?

मग एक वाद्याची गडबड सापडली. नोंदीत १९२३ सालीही त्याच्या हातात ट्रम्पेट. पण त्या वर्षी शिकागोत किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवत होता. दिसायला चुलतभाऊ, पण कॉर्नेट आखूड आणि आवाजाला जरा मऊ. १९२८ सालच्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या सुरुवातीला तो एकट्यानं काही सेकंद जे वाजवतो, तो मात्र ट्रम्पेट. कान लावून ऐका, अंगावर काटा येईल. पण नोंदीत 'काटा येतो' लिहायचं नाही. तारीख, वाद्य आणि रेकॉर्डचं नाव लिहायचं. काटा वाचणाऱ्याचा वाचणाऱ्यानं आणायचा!

तिसरा किस्सा माझा फेव्हरिट होता. १९२६ साली 'हीबी जीबीज'च्या रेकॉर्डिंगला गाण्याचा कागद हातातून पडला, मग त्यानं अर्थ नसलेले बोल फेकत गाणं पुढे नेलं आणि स्कॅट गायकी जन्माला आली! हा किस्सा खुद्द आर्मस्ट्राँग सांगायचा. पण स्कॅटच्या त्याआधीच्याही रेकॉर्ड आहेत. म्हणजे 'जन्माला आली' गेलं, त्याजागी 'लोकप्रिय झाली' आलं. कागद पडल्याची गोष्ट 'असं तो सांगत असे' या चार शब्दांच्या आधारावर वाचली. जीव तुटला हो, पण केलं.

वाटलं, आता तरी झालं. मॅडमनी वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "१९५७ कुठाय?"

नोंदीत १९५७ नव्हतंच. होता तो फक्त हसरा माणूस. रुमालानं घाम पुसणारा, गोऱ्यांपुढे दात दाखवतो म्हणून धाकट्या काळ्या वादकांच्या शिव्या खाणारा. डिझी गिलेस्पीनंही तेव्हा टीका केली होती. पुढे त्यानं आपलं मत बदललं.

झालं होतं असं. सप्टेंबर १९५७. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जायचं होतं आणि गव्हर्नरनं शिपाई उभे करून त्यांना अडवलं होतं. आर्मस्ट्राँग तेव्हा नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी कार्यक्रमाला आलेला. एक २१ वर्षांचा बातमीदार त्याच्या हॉटेलच्या खोलीत पोचला. आणि हा हसरा माणूस फुटला. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यात दम नाही म्हणाला. सरकारतर्फे सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जायचं होतं, ते जाणार नाही म्हणाला.

वृत्तसंस्थेच्या संपादकाचा विश्वासच बसेना. आर्मस्ट्राँग आणि असं बोलेल? पुरावा आण! दुसऱ्या दिवशी पोरगा बातमीचा कागद घेऊन पुन्हा हॉटेलवर. आर्मस्ट्राँगनं वाचलं, यातलं काहीही काढू नकोस म्हणाला, आणि खाली लिहून दिलं, 'सॉलिड'.

बातमी देशभर छापली गेली. त्याच्यावर बहिष्कार घाला, अशी ओरडही झाली. आठवडाभरात आयसेनहॉवर यांनी लिटल रॉकला सैन्य पाठवलं. ते आर्मस्ट्राँगमुळे पाठवलं असं मी ठोकून दिलं होतं. मॅडमनी तेही खोडलं. "लागोपाठ घडलं एवढंच लिही. त्यामुळे घडलं, हे तुला कुणी सांगितलं?"

खरं सांगू? चुकीची तारीख दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. पण तारखा बरोबर, वाद्य बरोबर, शुद्धलेखन बरोबर असूनही माणूस अर्धाच राहू शकतो, हे मला मुळी दिसलंच नव्हतं. लाल पेन छापलेल्या शब्दांवरच फिरतं. जे छापलंच नाही, त्याखाली रेघ कशी मारणार? पहिल्या शनिवारी माझ्या सहीनं तो हसरा, अर्धा माणूस छापायला निघाला होता. आणि मी पिक्चरला!

नोंद आता अडीच पानांची झालीय. एकही 'महान' नाही. वाचून माणूस मोठाच वाटतो.

काल मॅडमचा पुन्हा फोन. पुढची नोंद चिक चॉकलेटची. म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, मूळचा गोव्याचा, मुंबईत ट्रम्पेट वाजवून 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणवून घेतलेला, सी. रामचंद्रांच्या संगीतामागचा एक भक्कम हात.

"सुरुवात कुठून करणार?" मॅडमनी विचारलं.

यावेळी मी विशेषणांकडे बघितलंही नाही. म्हटलं, "गोव्यातल्या चर्चच्या वहीपासून. आणि मग, जे कुणीच लिहिलेलं नाही तिथून."